चार दहा ते चार पन्नास

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी दारात गाडी उभी राहिली. एक कसली, तीन गाड्या. पहिलीतून दोन धिप्पाड माणसं उतरली, दुसरीतून एक सेक्रेटरी आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली बाई, आणि सगळ्यात शेवटी एमिल.

"मुलगा एकटा येणार होता ना?" बाबा खिडकीतून बघत म्हणाले.

"अहो, राजाचा मुलगा तो. एकटा कसा येईल?" आई म्हणाली आणि पोह्यांवर खोबरं घालायला आत पळाली. चार दिवस अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या घरात नुसती लगीनघाई चालली होती.

आरोही बाबांच्या खांद्यावरून गाड्यांकडे बघत होती. एमिल एकटाच येणार होता. ॲन आर्बरला, तिच्याच विद्यापीठात, दोन वर्षं तो भलत्याच नावाने शिकला. युरोपातल्या एका राजाचे हे धाकटे चिरंजीव, हे तिथे फक्त तिला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात तोच म्हणाला होता, तुझ्या घरी येतो, आईबाबांशी लग्नाचं मीच बोलतो. आणि आज ही वरात घेऊन आला.

"हिज हायनेस बूट काढणार नाहीत," सेक्रेटरीने दारातच हसून सांगितलं.

"चालेल, चालेल," आई म्हणाली. प्लंबरलासुद्धा बूट काढायला लावणारी आई. आरोहीच्या अपार्टमेंटमध्ये हाच एमिल तिचे लोकरीचे मोजे घालून हिंडायचा. आज बुटांसकट गालिच्यावरून चालत आला, खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या समईपाशी थांबला.

"ही आपण भारतातून आणलीत?"

झालं. आईला आभाळ ठेंगणं झालं. समई सासूबाईंची, साड्यांत गुंडाळून आणलेली, विमानतळावर कस्टमवाल्याने कशी उलटीपालटी करून पाहिली, सगळं तिने सांगितलं. एमिल मान किंचित कलती करून ऐकत होता.

ती कलती मान आरोहीच्या ओळखीची होती. एकदा बर्फामुळे दोघं दिवसभर घरात अडकले होते, तेव्हा त्याने तिला राजपुत्राची नोकरी करून दाखवली होती. कुणाच्याही घरी गेलं की एक वस्तू हेरायची. तिच्याबद्दल विचारायचं. मान कलती ठेवायची, म्हणजे समोरच्याला वाटतं की याला आपल्याशिवाय जगात दुसरं काही सुचत नाहीये. हसून हसून दोघांची मुरकुंडी वळली होती. आता तो तेच तिच्या आईवर चालवत होता, आणि आई बिचारी विरघळत होती.

पोह्यांची बशी त्याच्या हातात देताना आरोहीने हळूच विचारलं, "एमिल, यू विल टॉक टू देम, राइट?"

"किती सुरेख रंग आहे," तो पोह्यांकडे बघत म्हणाला.

सेक्रेटरीच्या मांडीवर टॅबलेट उघडा होता. आरोहीला वाचायचं नव्हतं, पण वाचलं गेलं. तीन पंधरा, संशोधन केंद्र. चार दहा ते चार पन्नास, भारतीय-अमेरिकन कुटुंब. पाच वाजता शाळेत झाड लावणे. म्हणजे येतो म्हणाला आणि आला, शब्द पाळलाच म्हणायचा. फक्त कामांच्या यादीत बसवून आला. तिला रडू नाही आलं, चीड आली. तरी मनात एक वेडी आशा होती, की अजून तो तोंड उघडेल.

बाबांनी घसा साफ केला. उभी हयात हार्ट सर्जन म्हणून गेलेली, आडपडदा त्यांना जमत नसे. "वेल, आरोही म्हणाली, तुम्हाला आमच्याशी काही बोलायचंय."

एमिलने बशी खाली ठेवली. सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने घड्याळाकडे पाहिलं.

"हो," एमिल म्हणाला. आईने पदर सावरला. "आपल्यासारख्या कुटुंबांनी या देशाला किती दिलंय, ते बघून मी भारावून गेलो आहे. माझ्या आईवडिलांच्या वतीनेही मी आपले आभार मानतो."

कॅमेरा दोनदा वाजला. बाबांचा चेहरा उतरला, ते काय समजायचं ते समजले. आई मात्र हसतच होती. मोठ्या घरची माणसं, मुद्द्यावर यायला वेळ लावत असतील, असं तिला वाटलं असावं.

सेक्रेटरी उठला. घरच्यांनी कृपा करून एका रांगेत उभं राहावं, म्हणाला. आधी बाबा, मग आई, शेवटी आरोही. एमिलने बाबांशी हात मिळवला, आईशी मिळवला, आणि आरोहीसमोर येऊन हात पुढे केला.

"आणि आपण काय करता?"

तिला वाटलं, गंमत करतोय, आता डोळा मिचकावेल. तो तिच्याकडे तसाच बघत राहिला, प्रसन्न, सभ्य. सेक्रेटरीने पुन्हा घड्याळ पाहिलं.

लेक अशी मुकी उभी राहिलेली आईला बघवेना. तिचं स्वतःचं हसू मावळलं होतं, तरी पोरीची बाजू सावरून घेत ती घाईघाईने म्हणाली, "ती ॲन आर्बरला असते. पीएचडी करते. फार हुशार आहे हो आमची मुलगी."

"वा," तो म्हणाला. "गाव सुंदर आहे, असं ऐकून आहे मी."