शिशाची मिशी

संशोधक रेवती ठोसरच्या गोळीने अंगातलं सगळं शिसं मिशीत गोळा व्हायचं. पेणच्या वसंतकाका म्हात्रेंची मिशी आता पाव किलोची झाली होती, आणि बोलायचं तर ती दोन्ही हातांनी उचलावी लागे. जन्मभर शिशाच्या रंगांनी गणपती रंगवून त्यांचा हात थरथरायला लागला होता. डोळ्यांची आखणी बंद पडली होती.

"काका, मिशी कापल्याशिवाय शिसं जायचं नाही."

"अगं पोरी, बिनमिशीचा घरी गेलो तर आमचाच कुत्रा चावेल मला!"

शेवटी न्हाव्याने कापली. ती ताटात धप्पकन पडली.

काकांनी आरशात बघून तोंड वाकडं केलं, पिशवीतला ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि ओठावर एका फटक्यात नवी मिशी आखली. रेघ कुठेही हलली नाही.

रेवतीने टाळ्याच पिटल्या. मग एकदम दचकून म्हणाली, "काका, रंग कुठला?"

"बिनशिशाचा गं! आता गणपती आण. डोळे आखायचेत."