बिनभीतीची गाडी

"दादा, तिसऱ्यांदा सांगतोय. सुपरचार्जरचं बेअरिंग गेलंय. घाटात फुटलं तर तुकडे इंजिनात शिरतील आणि गाडी वळणावरच जाम होईल," सत्याप्पा मिस्त्री म्हणाला.

"भाषण नको, मिस्त्री. नवा यायला महिना लागतो. रविवारी बायकापोरांना घेऊन आंबोलीला चाललोय. तेवढ्यापुरतं काहीतरी करून द्या."

असल्या शहाण्यांना खरं सांगून सत्याप्पाची जीभ झिजली होती. त्यानं वाद घातलाच नाही. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या त्या सुपरचार्जरचा पट्टाच काढून टाकला, हवेला बाजूनं वाट करून दिली आणि गाडी सोपवली.

सोमवारी संग्रामदादा पेढे घेऊन हजर. "मानलं मिस्त्री! पाचशे घोडे उधळल्यागत पळाली!"

सत्याप्पाला हसूसुद्धा आलं नाही. "घोडे कुठले? सुपरचार्जर बंद होता. साध्या गाडीत जाऊन आलात."

आता शिव्या पडणार म्हणून तो तयारीतच उभा राहिला. दादाचा चेहरा पडला. त्यानं रस्त्याकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"खरं सांगू? काल पहिल्यांदाच ही गाडी चालवताना पाय लटपटले नाहीत. नवा बसवू नका. आणि कुणाला बोलू नका."