दोराविना

फेरीबोट धक्क्याला टेकताच आबांनी सवयीने दोर उचलला. जन्मभर याच खाडीत होडी वल्हवलेली. काठ आला की आधी दोर बांधायचा, मग माणसं उतरवायची.

"आबा, दोराला हात लावू नका! बोट मी धरलीय!" वरच्या केबिनमधून लेक स्पीकरवर कडाडली. प्रवासी हसले, आबा ओशाळले.

भरलेली एसटी उतरू लागली, तसा त्यांनी श्वास रोखला. त्यांच्या होडीतून एक म्हातारी उतरली तरी होडी मागे सरायची. इथे पायाखाली इंजिन घुमत होतं, पाण्यातला पंखा बोटीला धक्क्यावर रेटून धरत होता. एसटी गेली. बोट तसूभर हलली नाही.

"कोण हो ही बाई?" एका मोटरसायकलवाल्याने विचारलं.

"लेक माझी," आबा टोपी सारखी करत म्हणाले. "ऐकलंत ना? बापालासुद्धा सोडत नाही!"