करुण काहीतरी

"नको नको, इतकं जलद नको," सुहासिनीताईंनी हात वर केला आणि शाळेचा वाद्यवृंद मध्येच थांबला. "करुण काहीतरी वाजवा. संथ. आणि वाजवताना हसू नका हं."

घाटंजीजवळच्या त्या शाळेच्या आवारात आठवी ते दहावीची बारा पोरं सतरंजीवर बसली होती. बासऱ्या, खंजिरी, झांजा, एक बुलबुलतरंग, कपिलची ढोलकी आणि मधोमध दहावीतल्या दिपालीची पेटी. पेटीच्या भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. तेही आता सुटत आलेलं, त्यामुळे दर चार सुरांमागे एक सूर हवेत जायचा. शनिवारी यवतमाळला स्पर्धा होती आणि ताईंच्या जीपमध्ये नवीकोरी पेटी होती. ती आपल्या मांडीपुढे कशी दिसेल, हे दिपालीनं सकाळपासून दहादा मनात पाहून घेतलं होतं.

त्या वर्षी कापसाचं काही खरं नव्हतं, पाहुण्यांचं पीक मात्र जोरात होतं. आठवड्याला एक जीप यायची. कुणाच्या हातात वही, कुणाच्या हातात कॅमेरा. सगळ्यांना नारळ, सगळ्यांना स्वागतगीत. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेच्या सुहासिनीताई त्यातल्या त्यात बऱ्या होत्या, खाली सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांना गाव फक्त दुःखी दिसायला हवं होतं, आणि तेही ऊन उतरायच्या आत.

"ही गत हळू नाई वाजत, सर," दिपाली हेडमास्तरांना म्हणाली. "चालच मरते तिची."

हेडमास्तर भगवानराव खाली वाकले. "अवं पोरी, दोन मिनिटं रडकं वाजवलं तं काय बिघडते? पेटी भेटून राह्यली ना. वाजव."

दिपालीनं वाजवलं. पोळ्याच्या डफड्यावरून बसवलेली ती गत, चार महिने शाळा सुटल्यावर घोटलेली, वेचणीच्या दिवसांत बोटांना चिंध्या बांधून घोटलेली. ती आता आजारी माणसासारखी खुरडत चालली. बासरीवाल्या पोरांनी माना खाली घातल्या. ताई खूश झाल्या.

मग ताईंबरोबर आलेल्या माणसाचा कॅमेरा कपिलच्या तोंडाजवळ आला. त्याचा बाप गेल्याला वर्ष होत आलं होतं. हे ताईंना कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

"बाळ, जरा खाली बघ," ताई हळुवार आवाजात म्हणाल्या. "बाबांची आठवण काढ."

कपिलनं खाली पाहिलं. त्याचे कान लाल झाले. हात ढोलकीवर होता, पण ठेका थांबला होता. सांगितलं म्हणून तो पोरगा रडायचा प्रयत्न करत होता, आणि रडू काही येत नव्हतं.

दिपालीच्या अंगाचा तिळपापड झाला. जीपमधली पेटी तिला त्या क्षणी नकोशी झाली. तिनं भाता ओढला आणि गत मूळच्या लयीत उचलली, नव्हे, त्याहूनही जलद. झांजा लगेच मागे आल्या. कपिलनं मान वर केली आणि ढोलकीवर अशी थाप मारली की कॅमेरावाला दचकून मागे सरला.

"अगं, थांब," ताई म्हणाल्या. दिपाली थांबली नाही. समेवर येऊन तिनं खणखणीत आवाजात झडती टाकली:

"पराटीले लागले बोंडं, बोंडाले लागलं ऊन,
पेटी द्याची तं हासत द्या बाई, रडणं मांगता काहून?"

झडती ही पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली म्हणायची. दोन ओळींत ज्याची उतरवायची त्याची उतरवायची, आणि ऐकणाऱ्यांनी महादेवाचा गजर करून ती मान्य करायची. म्हणतात ती बाप्ये. पोरीबाळी लांबून ऐकतात. पण झडती पडली की गजर द्यायचा, ही सवय त्या गावच्या हाडात होती. कुंपणापाशी वेचणीहून आलेल्या बाया उभ्या होत्या, त्यांनी दिला. शिपायानं दिला. आणि सगळ्यांत मोठा आवाज भगवानरावांचा निघाला, "हर हर महादेव." चाळीस पोळे पाहिलेला माणूस; हात वर, तोंड उघडं, आणि मग एकदम आपण कुठं उभे आहोत ते आठवून त्यांनी हात खाली घेतला.

ताईंना झडती ठाऊक नव्हती, पण ओळी कळल्या होत्या. त्या उठल्या, पदर सावरला. "मुलांची मनःस्थिती आज ठीक दिसत नाही. आम्ही कळवू," म्हणाल्या. जीप गेली. पेटी जीपमध्येच गेली.

भगवानराव फाटकापासून सावकाश परत आले. आता काही खैर नाही, हे दिपालीला दिसत होतं. पण माफी मागायची नाही, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. पेटीवरचा हात तिनं काढला नाही.

"झडती टाकली तू?" भगवानरावांनी विचारलं.

"हो."

"बसून?"

दिपालीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"झडती बसून टाकत असते का कोणी?" भगवानराव म्हणाले. "यवतमायले उभी राहून टाक."