गळ्याभोवतीची फुलं

आमच्या मुहू बेटावर लोकरीने फुलं भरल्याशिवाय विणलेला कपडा पुरा होत नाही. माझ्या बायकोने, लैदाने, नातीसाठी स्वेटर विणला आणि गळ्याशी एक फूल भरलं. तेवढ्यात हेलसिंकीहून लेकीचा, काइयेचा फोन आला, "आई, नाताळला जमत नाही गं."

लैदाने शेजारी दुसरं फूल भरलं. मग असा फोन आला, की एक फूल वाढायचं.

"अगं, पुरे!" मी म्हणालो. "आणखी भरलंस तर गळा ताणला जायचा नाही, पोरीचं डोकं अडकेल."

"मग या हातांचं करू काय?"

यंदा काइये पोरीला घेऊन आली. स्वेटर पोरीच्या कपाळाशीच अडला.

काइये हसत सुटली, "काय गं आई, इतकी फुलं कशाला भरत बसलीस?"