शंभर झोके

रीनाने बटण दाबलं, पण स्टॉपवॉचचा काटा हलला नाही. तिने पुन्हा दाबलं, चावी फिरवून पाहिली, कानाशी धरून पाहिलं. घड्याळ बंद होतं. समोर दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा मात्र निवांत झोके घेत होता. त्याची कुठे परीक्षा होती?

बारावीच्या फिजिक्सचं प्रॅक्टिकल चालू होतं. गोळ्याच्या झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोराने खाली ओढते ते काढायचं, एवढाच प्रयोग. उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं, नऊशे ऐंशी. म्हणून मुलं आधी उत्तर लिहीत आणि मग उलटा हिशेब करून रीडिंग बसवत. जरा चलाख मुलं दोन-तीनचा फरक ठेवत, म्हणजे खरं वाटतं. रीनाच्या आधी याच टेबलावर तिघं जण प्रयोग करून गेले होते. तिघांचीही रीडिंग सुरेख आली होती. घड्याळ बंद आहे याचा तिघांनाही पत्ता नव्हता.

रीनाचं मात्र सगळं या एका प्रॅक्टिकलवर अडलं होतं. तिचे वडील देवीदास रेल्वेत फिटर. दोन महिन्यांनी रिटायर होऊन, क्वार्टर सोडून ते भंडाऱ्याकडे आपल्या गावी जाणार होते. पास झालीस तर रायपुरात होस्टेलला राहून शीक, नापास झालीस तर आमच्यासोबत चल, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. आणि प्रॅक्टिकल गेलं की विषयच गेला. राज्य नवं होतं, रायपूर त्याची राजधानी झालं होतं, तिथल्या शंकर नगरात रोज एखाद्या ऑफिसची पाटी लागत होती, ओळखीच्या मुली नोकरीला जाऊ लागल्या होत्या. अशा वेळी हे शहर सोडायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

तिने मान वर केली. भिंतीवर शाळेचं घड्याळ होतं आणि त्याला सेकंदकाटा होता. पण त्यात सेकंदाच्या आतलं काही दिसत नाही. वीस झोके मोजले तर चूक मोठी येणार. शंभर मोजले तर तेवढीच चूक शंभर झोक्यांत वाटली जाईल. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिथेच उभ्या उभ्या सुचलं. तिने मान दुखेपर्यंत मोजलं. शंभर झोके, दोनशे एक सेकंद. गणित केलं तर उत्तर आलं नऊशे सत्त्याहत्तर. तिला हसूच आलं. पृथ्वी खरंच ओढत होती. स्टॉपवॉच बंद असल्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाने वेळ मोजला, असं तिने कॉपीत, म्हणजे उत्तरपत्रिकेत, स्वच्छ अक्षरात लिहिलं.

दिवाकर सर फिरत फिरत आले. फिजिक्स तेच शिकवत. मूळचे नागपूरचे. वर्गात हिंदी बोलत, पण रीनाशी मराठीत, आणि रीनाला त्याचं केवढं कौतुक.

"हे काय लिहून ठेवलं?"

"सर, घड्याळ बंद हाय. मी शंभर झोके मोजले."

सरांनी पूर्ण पान वाचलं. "अकरा वर्षांत असं कोण्या पोट्ट्यानं केलं नाही," ते म्हणाले आणि ते खरं होतं. मग आवाज उतरवून म्हणाले, "पण घड्याळ बंद होतं असं तू लिहिलं, तर बाकीचे फसतात न. आपल्या हातानं कोणाचं वाईट काहून करायचं? हे घे दुसरी कॉपी. सगळ्यांसारखं लिही. मी हावो न."

'मी हावो न' एवढं तिला पुरलं. तिने नऊशे ऐंशी लिहिलं आणि त्याला शोभतील अशी रीडिंग मागून बसवली. पहिली कॉपी सरांनी घडी करून खिशात ठेवली.

बाहेरून आलेले परीक्षक सकाळपासून चहा-समोशांच्या टेबलावरून उठले नव्हते. सर त्यांना घेऊन थेट रीनाकडे आले.

"पहले इसका देख लीजिए सर, होशियार लड़की है."

रीनाने ओढणी सारखी केली. परीक्षकांनी पान पाहिलं, मान डोलावली. "बढ़िया. एक रीडिंग लेकर दिखाओ."

तिने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. तिने बटण दाबलं. परीक्षकांनी घड्याळ तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः दाबून पाहिलं.

"यह तो बंद है. फिर यह सब कहाँ से आया?"

आधीच्या तिघांनी माना खाली घातल्या. सर अजून खिडकीबाहेरच पाहत होते. परीक्षकांनी पानावर लाल रेघ ओढली, शून्य मांडलं, सही केली आणि एक काम उरकल्यासारखे समोशांकडे परतले. दुसऱ्या कुठल्या टेबलाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

रीनाने व्हरांड्यात सरांना गाठलं.

"सर, माही पहिली कॉपी दाखवा न त्याइले. तुमच्या खिशातच हाय."

सरांनी कॉपी काढली. तिचे चार तुकडे केले, सावकाश, कडा जुळवून. ते मुळीच रागावलेले नव्हते. त्यांनी रीनाच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाहेरचा सर एकाले तरी फेल करूनच जाते, बेटा. अन् बाकी सारे माह्या ट्यूशनचे हायेत."