उघडा चुंबक

तेजस्वीची पॉलिमरची हिरवी पूड कधी वीज वाहून न्यायची, कधी चुंबकाकडे ओढली जायची. दोन्ही एकदम कधीच नाही. आम्ल वाढवलं की पुडीत मिसळलेलं लोखंड विरघळायचं, कमी केलं की वीज थांबायची. आज वीज वाहिली. उरली चुंबकाची परीक्षा. उद्या नमुना बघायला कागलचे कारखानदार येणार होते. “थांबा सर, चुंबकाला पिशवी गुंडाळते.” गाईडसरांना कुठला दम! त्यांनी उघडाच चुंबक पूड ठेवलेल्या वाटीत खुपसला. “चिकटली की गं! जिंकलीस!” “आता सोडवून दाखवा.” सरांनी फुंकलं, घासलं, रुमालाने पुसलं. चुंबक हिरवा, रुमाल हिरवा, सर हिरवे, वाटी रिकामी. “निघंना की ही!” “म्हणून तर पिशवी. ती ओढून काढली की पूड सुटते.” “मग परत बनव की.” तिने प्लास्टिकची बादली त्यांच्या हातात दिली. “रसायन बर्फात गार ठेवल्याबिगर पूड बनत न्हाय. मासळीबाजारातनं बर्फ आणा.” “मी?” “व्हय. आणि फोडून आणा.”